शोमरोन्याची शिदोरी

शास्त्रभाग : लूक १०:२५-३७; लूक १४:२८-३०



यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवरची ती कथा आपल्या इतकी परिचयाची आहे की ती वाचताना आपण बहुधा कोठे थांबतच नाही. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला मनुष्य, दुसऱ्या बाजूने निघून गेलेला याजक, त्याच्यामागून तसाच गेलेला लेवी, आणि मग तो परका शोमरोनी. शब्बाथशाळेत ही कथा आपण पाठ केली, नाताळात तिचे प्रवेश बसवले, व्यासपीठावरून ती कितीदा तरी ऐकली. दर वेळी प्रश्न एकच विचारला जातो : या तिघांपैकी मी कोण? प्रश्न योग्यच आहे. तथापि एकेका शब्दापाशी रेंगाळत बसण्याची ज्याला भाषांतराच्या कामामुळे सवय जडली आहे, त्याच्या मनात आणखी एक साधा, जवळजवळ घरगुती प्रश्न उभा राहतो. शोमरोन्याने त्या मनुष्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, असे लूक सांगतो. ते तेल आले कोठून?

ती वाट ओसाड आहे. सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या अंतरात ती सुमारे एक हजार मीटर खाली उतरते. तेथे दुकान नव्हते, झोपडी नव्हती, मागून आणावे असे जवळपास घर नव्हते. तेल शोमरोन्याच्या सामानातच होते. द्राक्षारसही होता. त्या काळचे लोक द्राक्षारसाने जखम धूत आणि तेलाने तिची आग शमवत. हे त्याला ठाऊक होते. पट्टी कशी बांधावी हेही त्याच्या हाताला ठाऊक असले पाहिजे, कारण अर्धमेल्या मनुष्यावर कोणी प्रथमच प्रयोग करू लागले तर तो उतारशाळेपर्यंत पोहोचत नाही. कळवळा त्याला वाटेत आला, त्या मनुष्याला पाहताक्षणी आला. तेल मात्र त्या क्षणी आले नाही. ते घरून निघतानाच बांधून घेतलेले होते.

ही गोष्ट माझ्या ध्यानात येण्यास एक नववीतील मुलगी कारण झाली, आणि तिच्यापुढे माझ्या हातून झालेली एक चूकही.

गेल्या वर्षी भाषांतराच्या कामानिमित्त मी काही आठवडे बेंगळुरू येथे होतो. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय तेथील महात्मा गांधी रस्त्यावर असल्यामुळे आम्हा भाषांतरकारांचे त्या शहरात जाणे-येणे असते. एका रविवारी उपासनेनंतर एका मराठी कुटुंबाने मला जेवावयास नेले. मूळचे मिरजेकडचे लोक. वडील पीण्या येथील औद्योगिक वसाहतीत कामाला. ताटे वाढली गेली आणि थोरली मुलगी, जी तोवर गप्प होती, ती एकदम म्हणाली, “काका, मला नर्स व्हायचंय. आत्तापासून काय करायला हवं?”

आईच्या हातातील पळी तशीच थांबली. “दादा, तुम्हीच सांगा हिला,” ती म्हणाली. “माझ्या सासूबाईंनी मिरजेच्या दवाखान्यात सगळं आयुष्य काढलं. लोक म्हणायचे, ख्रिस्ती बाई म्हणजे नर्स, नाहीतर शाळेतली बाई. हिला गणित येतं, सायन्स येतं. म्हणजे आम्ही इतकं शिकवून पुन्हा बेडपॅनच उचलायचे का?”

वडील मान खाली घालून जेवत राहिले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “देवाची इच्छा असेल तसं होईल. प्रार्थना करीत राहा.” बोलण्यात असत्य काही नव्हते. पण त्या मुलीने ज्या रीतीने आपल्या ताटाकडे पाहिले, ते मला रात्री निवासाच्या खोलीत आठवू लागले. तिने विचारले होते, आत्तापासून काय करू? आईने विचारले होते, आमचा मान कोठे आहे? दोन जखमा माझ्यापुढे उघड्या होत्या, आणि मी अत्यंत भक्तिभावाने रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेलो होतो. याजकाकडेही बहुधा असेच एखादे उत्तम वाक्य असावे.

म्हणून परत आल्यावर मी तिला पत्र लिहिले. त्या पत्रात जे लिहिले, त्यातील पुष्कळसे आज तुमच्यापुढे ठेवीत आहे. कारण नववी-दहावीतील मुले आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत, आणि अशा आयाही आहेत.

आधी आईचे बोलणे. ते तुच्छ लेखण्यासारखे नाही. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ साली सुरू झाले. वेंगुर्ल्याचे सेंट लूक्स, अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, साल्व्हेशन आर्मीचे इव्हँजेलीन बूथ, नागपूरचे म्यूर मेमोरियल, या रुग्णालयांतून आपल्या आजी-पणजी पांढऱ्या साडीत उभ्या राहिल्या. त्या काळी इतर घरांतील मुली या कामाकडे वळत नव्हत्या. परक्याचे रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणे म्हणजे विटाळ, ही समजूत घट्ट होती. शिवाय तरुण मुलीने रात्री घराबाहेर राहून परपुरुषांची सेवा करावी हे कोणालाच मानवत नव्हते. ते काम ख्रिस्ती स्त्रियांच्या वाट्याला आले. काहींनी ते पाचारण म्हणून स्वीकारले, काहींनी पोटासाठी, पुष्कळींनी दोन्हींसाठी. त्यांच्या कष्टांवर घरे उभी राहिली, मुले शिकली, आणि शिकलेल्या मुलांना पुढे त्या कामाचा संकोच वाटू लागला. हे आपल्या समाजाचे मोठे दुखणे आहे. ज्या हातांनी आपल्याला वर काढले, ते हात आपण पाहुण्यांपासून लपवतो.

पवित्र शास्त्र मात्र अशा स्त्रियांची नावे लपवीत नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात मिसराच्या राजाला फारो या पदवीपलीकडे नाव नाही. पण ज्या दोन सुइणींनी बालके वाचवली त्यांची नावे, शिप्रा आणि पुवा, लिहून ठेवली आहेत. उत्पत्ती ३५:८ हे वचन तर आपल्यापैकी कितीजणांनी लक्षपूर्वक वाचले असेल? रिबकेची दाई दबोरा मरण पावली आणि तिला बेथेलच्या खालच्या बाजूस एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या झाडाला रडण्याचे झाड असे नाव पडले. रिबकेच्या स्वतःच्या मृत्यूचे वर्णन शास्त्रात कोठेही नाही. मालकिणीच्या मृत्यूची कथा नाही, दाईच्या मृत्यूची आहे, आणि तिच्यासाठी लोक रडले ही नोंदही आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिला नर्स का व्हायचे होते? हे मी त्या दिवशी विचारलेसुद्धा नाही; तिनेच पुढे पत्रातून कळवले. तिचे आजोबा काही दिवस बेंगळुरूत रुग्णालयात होते. त्यांना मराठीवाचून दुसरी भाषा येत नव्हती, आणि पक्षाघातामुळे मराठीही धड उमटत नव्हती. रात्रपाळीची परिचारिका केरळची. आजोबा काहीतरी पुटपुटत होते. तिने पाणी दिले, ते नको. पांघरूण दिले, तेही नको. मग तिने आपला कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि तशीच थांबली. आजोबांनी तिचा हात धरून किंचित डावीकडे ओढला. तिने त्यांना कुशीवर वळवले, पाठीशी उशी लावली, आणि ते झोपले. मुलीने लिहिले होते, “काका, तिला आजोबांचा एक शब्दही कळला नाही. पण तिनं ऐकलं.”

वाचकहो, ‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रुग्णसेवेसाठी वापरतो. तो संस्कृतातील ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, या धातूपासून आला आहे. आणि त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. सेवा, परिचर्या हे अर्थ त्याला मागाहून जडले. आपल्या पूर्वजांनी या कामाला नाव देताना हाताच्या आधी कानाचा विचार केला, याचे मला फार नवल वाटते. त्या मुलीने कोणताही शब्दकोश न उघडता तो अर्थ आजोबांच्या खाटेपाशी पाहिला.

म्हणून तयारीचा पहिला धडा शाळेतला नव्हे, घरातला आहे. घरात किंवा मंडळीत जो वृद्ध मनुष्य तीच तीच गोष्ट पुन्हा सांगतो, त्याच्यापाशी आठवड्यातून एक तास बसावे आणि मध्ये बोलू नये. हे सोपे नाही. मला पन्नाशीतही साधत नाही. बेंगळुरूसारख्या शहरात शिकावयाचे असेल तर ऐकण्यासाठी भाषाही हवी. तेथील एकाच वॉर्डात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मल्याळम कानावर पडतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलीने निदान चार कन्नड शब्द गाठीशी बांधून जावे : नोवु म्हणजे वेदना, नीरु म्हणजे पाणी, बेकु म्हणजे हवे, आणि बेड म्हणजे नको. (रुग्ण ‘बेड’ म्हणाला की त्याला खाट हवी आहे असे समजू नये!)

पण कान असले म्हणजे झाले असे नव्हे. तेलही हवे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव आपण दिवा हाती घेतलेल्या बाईचे चित्र म्हणून जपतो. तिच्या तरुणपणाची हकीकत अधिक उपयोगाची आहे. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावले असे तिने लिहून ठेवले आहे. तेव्हा ती सोळा वर्षांची होती, म्हणजे आपल्या दहावी-अकरावीतील मुलीएवढी. सेवा कोणती हे तिला कळले नव्हते. कळले तेव्हा घरच्यांनी कडाडून विरोध केला. त्या काळी इंग्लंडातही हे काम हलके मानले जाई. ती पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल वाचीत असे, गणित शिकत असे. जर्मनीतील कायझर्सव्हर्ट येथे पाळक फ्लीडनर यांनी १८३६ साली सेविकांची संस्था सुरू केली होती. तेथे १८५१ मध्ये तिने तीन महिने शिक्षण घेतले. क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांकडे ती १८५४ साली गेली. पाचारण आणि ते काम यांच्यामध्ये सतरा वर्षे गेली. तेथे सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि रोगराईने अधिक मरत आहेत, हे तिने पुढे आकड्यांनी आणि आकृत्यांनी सिद्ध केले, तेव्हा सरकारला ऐकावे लागले. दिव्याइतकेच, कदाचित दिव्यापेक्षा अधिक, तिच्या गणिताने जीव वाचवले.

त्या आईला वाटत होते की मुलीला गणित येते म्हणून तिने नर्स होऊ नये. मी पत्रात एक उदाहरण घातले. रुग्णाला पाचशे मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यावयाचे आहे. नळीतून पडणारे वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब पडले पाहिजेत? हे सातवीतील त्रैराशिक आहे. फरक इतकाच की येथे उत्तर चुकले तर लाल शाईची फुली पडत नाही; वृद्ध रुग्णाच्या छातीत पाणी साठते. लहान बाळाला द्यावयाच्या औषधात दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दसपट होते. ज्या मुलीला गणित येते तिनेच तेथे असले पाहिजे.

शिक्षणाची वाट कशी आहे, हेही सांगतो, कारण आपल्या लहान गावांतील पालकांना ती कोणी धड सांगत नाही. बी.एस्सी. नर्सिंग हा पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात, आणि सर्वसाधारण वर्गासाठी पंचेचाळीस टक्के गुण. जनरल नर्सिंग, ज्याला जी.एन.एम. म्हणतात, तो पदविकेचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्याला बारावीत चाळीस टक्के आणि इंग्रजी लागते, शाखा विज्ञानाची नसली तरी चालते. दोन्हींकडे वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रवेशपरीक्षांचे नियम राज्याराज्यांत वेगवेगळे असून बदलत राहतात, ते त्या त्या वर्षी पाहावे. यातून निघणारी एक गोष्ट मात्र पालकांनी ध्यानात धरावी. दहावीच्या निकालानंतर, सोळाव्या वर्षी, “आता आर्ट्सला टाकू, पुढचं पुढे बघू” असे जे आपण सहज म्हणतो, तेथेच पदवीचे दार बंद होते. अठराव्या वर्षी कळवळा आला तरी तेल भरावयास उशीर झालेला असतो. जीवशास्त्र पाठ करू नये, समजून घ्यावे. इंग्रजीची भीती नववीतच घालवावी, कारण औषधांची नावे आणि रुग्णांचे कागद त्याच भाषेत असतात.

आणि मुलग्यांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. कथेतील शोमरोनी पुरुष होता, उतारशाळेचा रखवालदारही पुरुष होता.

त्या रखवालदाराबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. आपण त्याला कथेतील सामान समजतो, खुंटीवरच्या कंदिलासारखे. पण मूळ ग्रीक भाषेत पाहिले तर एक आश्चर्य हाती लागते. शोमरोन्याने त्या मनुष्याची काळजी घेतली, असे चौतिसाव्या वचनात म्हटले आहे. तेथे ‘एपिमेलेओमाय’ हे क्रियापद आहे. दुसऱ्या दिवशी निघताना तो रखवालदाराला दोन दीनार देतो आणि तेच करावयास सांगतो. तेथेही हेच क्रियापद. शोमरोनी सकाळी गेला. त्या मनुष्याला रात्री ताप आला असेल, तो कण्हला असेल, पट्टी बदलावी लागली असेल, तेव्हा जागा होता तो रखवालदार. आणि त्याला त्याचे पैसे मिळाले होते. पैसे मिळाले म्हणून लूकने त्याच्या कामासाठी दुसरा, हलका शब्द वापरला नाही. नव्या करारात हे क्रियापद केवळ आणखी एका ठिकाणी येते : पहिले तीमथ्य ३:५. ज्याला आपले घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेईल, असे पौल तेथे विचारतो. अध्यक्षाने मंडळीसाठी करावयाचे काम आणि उतारशाळेतील पगारी मनुष्याने जखमी वाटसरूसाठी करावयाचे काम, दोहोंना एकच शब्द. भाषांतरात असा धागा बहुधा तुटतो, कारण दोन्ही संदर्भांत एकच मराठी शब्द नैसर्गिक वाटत नाही. तो तुटू द्यावा लागला म्हणून मला अनेकदा हळहळ वाटली आहे. पाळकाच्या दीक्षाविधीला आपण मांडव घालतो. नर्सिंगचे शिक्षण संपवून आलेल्या मुलीसाठी मंडळीत कोणी उभे राहून प्रार्थना करते का?

दोन दीनारांवरून आणखी एक आठवले. सेवा म्हटली की मोबदला मागू नये, असे आपण परिचारिकांनाच का सांगतो? कथेतील मनुष्याने रखवालदाराला फुकट सेवेचा उपदेश केला नाही. पैसे मोजून दिले आणि अधिक लागल्यास परत येताना देईन असे वचनही दिले. आपल्या ख्रिस्ती संस्थांच्या विश्वस्तांनी हे वचन आपल्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले. तेथे विषय शिष्यत्वाचा आहे, महाविद्यालयाच्या शुल्काचा नाही, हे मला मान्य आहे. पण आधी खाली बसा, ही त्यातील आज्ञा मला फार मोलाची वाटते. बेंगळुरूतच मला मराठवाड्यातील एक ख्रिस्ती शेतकरी भेटले. मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनी जमिनीवर कर्ज काढले आणि एका दलालाच्या हाती रक्कम दिली. मुलगी पोहोचली तेव्हा महाविद्यालय म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या निघाल्या. शिकावयास रुग्णालय नव्हते, मान्यता संपलेली होती. वर्ष वाया गेले. मूळ प्रमाणपत्रे परत मिळवण्यासाठी ते आले होते. “दादा, त्यानं बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं,” ते म्हणाले. मला त्यांच्याकडे पाहवेना.

बेंगळुरूत चांगल्या संस्था नाहीत असे मुळीच नाही. सेंट मार्थाज रुग्णालय तेथे १८८६ पासून आहे, हेब्बाळचे बॅप्टिस्ट रुग्णालय १९७३ पासून. सेंट जॉन्सचे नाव तर देशभर आहे. म्हणूनच त्या शहराच्या नावाचा लोक गैरफायदा घेतात. तेव्हा प्रवेशापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. विद्यार्थ्यांना शिकावयास खरे रुग्णालय आहे का, त्यात रुग्ण आहेत का? संस्थेला राज्याच्या परिचर्या परिषदेची त्या वर्षाची मान्यता आहे का? पदवीचा अभ्यासक्रम असेल तर तो विद्यापीठाशी, म्हणजे कर्नाटकात १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी आणि आपल्याकडे नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी, संलग्न आहे का? देशपातळीवरील भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने आली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा कायदा संसदेने २०२३ साली केला. मूळ प्रमाणपत्रे पावतीवाचून कोणाच्या हाती देऊ नयेत. आणि दलालाने शास्त्रावर हात ठेवला तर अधिक सावध व्हावे. मंडळीतील एखाद्या निवृत्त परिचारिकेला सोबत न्यावे. पाच मिनिटांत ती जे ओळखील ते आपल्याला पाच दिवसांत कळणार नाही.

या कामाचा कठीण भाग त्या मुलीपासून लपवावा की काय, याचा मी बराच विचार केला. लपवला नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयातील एका कामगाराने तिच्यावर अमानुष हल्ला केला. ती पुन्हा कधी उठली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले. मधल्या एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ तिला तेथील परिचारिकांनी सांभाळले. तिला भरवले, धुतले, कुशीवर वळवले. ज्या मुली हल्ला झाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या, त्यांनी आपल्या पाळीत ते काम पुढे चालवले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या परिचारिकांची जाहीर प्रशंसा केली. त्या कोणत्या धर्माच्या होत्या? ज्याला हा प्रश्न सुचतो त्याने शोमरोनी कोणत्या धर्माचा होता हे एकदा आठवावे.

ही हकीकत मी दोन कारणांसाठी लिहिली. रुग्णालयात रात्री काम करणाऱ्या मुलीची सुरक्षितता ही प्रार्थनेबरोबरच कुलूप, दिवा आणि जबाबदार अधिकारी यांचीही बाब आहे. पालकांनी महाविद्यालय पाहताना वसतिगृहही पाहावे आणि तेथील मुलींशी बोलावे. दुसरे कारण हे की, बेडपॅन उचलणे म्हणजे काय, हे त्या आईला कळावे असे मला वाटत होते. एकेचाळीस वर्षे एका असहाय देहाची निगा राखण्याच्या कामाला मी हलके म्हणू शकत नाही. आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री पेत्रालाही संकोच वाटला होता. धुणाऱ्याला वाटला नव्हता.

पत्र मोठे झाले. ते टाकल्यावर, आपण फार उपदेश केला की काय, असे वाटून मी काही दिवस अस्वस्थ होतो. महिन्याभराने उत्तर आले. आरंभी आईच्या हातच्या चार ओळी होत्या. सासूबाईंची पेटी मिरजेहून आणवली, असे त्यांनी कळवले होते. त्यात छातीला टाचण्याचे घड्याळ सापडले, बंद आहे, दुरुस्तीला दिले आहे. त्याहून अधिक त्यांनी काही लिहिले नव्हते.

खाली मुलीने सलाइनचे गणित सोडवले होते. पाचशे गुणिले वीस, दहा हजार थेंब. चार तास म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे. भागाकार पूर्ण करून तिने ४१.६६ असे उत्तर काढले होते आणि त्याखाली विचारले होते, “काका, पॉइंट सहासष्ट थेंब कसा मोजायचा?”

मला उत्तर माहीत नव्हते. आमच्या मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना मी रविवारी उपासनेनंतर ते पत्र दाखवले. त्या हसल्या. चष्मा पुसून त्यांनी गणित पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, “तिला म्हणावं, बेचाळीस धर. आणि मध्ये मध्ये येऊन बघत राहा.”